कोल्ह्याला 'पाव्हणा' कुणी म्हणलं

माझी धाकटी बहीण कोल्ह्याच्या नावावर पुस्तक लिहितेय आणि त्याचं माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चांगल्या बाया असं बोलत नाहीत, त्या बहिणीचं कौतुक सांगतात. मीही सांगते की चारचौघींत. मी अंगणवाडी चालवते. मीटिंगला गेले की बाया विचारतात, "बहीण काय करती तुमची?" मी म्हणते, "पुण्याला असती, कॉलेजात फारशी भाषा शिकवती." त्या म्हणतात, "लई हुशार निघाली बाई." मी म्हणते, "व्हय." आणि घरी येऊन भांडी आदळते.

आमचं गाव तेलगावच्या बाजूला, आठवडी बाजाराला वडवणी. दिवाळी झाली की अर्धं गाव कुलूप लावून ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. आमचे आई-बापही जायचे. बाप आता नाही. आई माझ्याकडंच असते, कारण आम्हाला भाऊ नाही आणि मला गावातच दिलेली. धाकटी मे महिन्यात आठ दिवस येते. येताना आईला मऊ चपला आणते, मला साडी आणते, आणि लॅपटॉप घेऊन ओसरीत बसते. आई तिच्याकडं बघत बसते. पंख्याचं तोंडसुद्धा तिच्याकडं वळवलेलं असतं.

कोल्ह्याच्या नावावर पुस्तक म्हणजे काय, हे मला समजायला दोन उन्हाळे गेले. इराणात, अफगाणिस्तानात, कुर्दी आणि बलुची लोकांत ज्या भाषा बोलतात त्या सगळ्या म्हणे एकाच घरातल्या. त्या घरात कोल्ह्याला काय काय म्हणतात आणि ती नावं आली कुठून, हे ती शोधते. एका दुपारी मी गहू निवडत होते, तेव्हा तिनं सांगितलं.

"बघ आक्का. खोकडाला फारशीत रूबाह म्हणतात, कुर्दीत रोवी, आन् आपल्या संस्कृतात लोपाश. ही सगळी एका पणजोबाची लेकरं. वेगळी निघाली, वेगळ्या गावाला राहिली, पण तोंडवळा एकच."

"भाऊबंद," मी म्हणलं.

"बरोबर. पण कोल्ह्याचं तसं न्हाई. फारशीत शगाल, कुर्दीत चकल. आपल्याकडं शृगाल. हा शब्द इकडूनच तिकडं गेला, असं बहुतेकांचं म्हणणं हाय."

"म्हंजी सोयरा."

ती हसली. कोण भाऊबंद आणि कोण सोयरा, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी विचारलं, "हा सोयरा जायच्या आधी तिथल्या कोल्ह्याला काय नाव नव्हतं का?"

"व्हतं की. जुन्या पहलवी भाषेत तोरग. मग शगाल आला, आन् तोरग मागं पडला. आता बलुची लोक तेवढं तोलग म्हणतेत. बाकी जुन्या कोशात."

"म्हंजी बाहेरून पाहुणं आलं आन् घरच्याला ओसरीत काढलं."

ती मान वर करून बघत राहिली. "आक्का, लई भारी बोललीस. हे मी लिहू?"

"लिही की," मी म्हणलं. तिला वाटलं मी कोल्ह्याबद्दल बोलतेय.

मग तिनं मला पडद्यावर फोटो दाखवला. पुण्यात भाषणाला तोच दाखवते म्हणाली. माळरानावर बारीक अंगाचं, लांब कानांचं, झुपकेदार शेपटीचं जनावर उभं होतं. मी म्हणलं, "हे खोकड हाय."

"असं कसं? कोल्हा म्हणून दिलाय."

"देणाऱ्यानं दिला आसंल. कोल्हा याच्या दीडपट असतो, तोंड थोराड, आन् उसात राहतो. खोकड माळाला. तू कोल्ह्यावर पुस्तक लिहितीस आन् तुला कोल्हा वळखू येईना?"

मी हे जरा जोरातच म्हणलं, आत आईला ऐकू जावं म्हणून. धाकटी चिडेल असं वाटलं होतं. तिनं वही काढली, सगळं उतरवून घेतलं आणि म्हणाली, "वाचवलंस बाई मला." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी गव्हातले खडे वेचत खालमानेनं विचारलं, "मग माझं नाव टाकशील का पुस्तकात?"

"फोटोसाठी कुणी नाव टाकत न्हाई गं," ती म्हणाली.

मला तेवढंच पाहिजे होतं. पुस्तक नको, पुणं नको, तिच्यासारखा पगार नको. त्या पुस्तकात एक ओळ, की हे मला माझ्या बहिणीनं सांगितलं. त्या एका ओळीसाठी माझा जीव का खाली-वर होत होता, ते सांगायचं तर तिच्या जन्मापासून सांगावं लागेल.

मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मी तिसरीत होते. त्या साली मला तोडीला न्यायचं नाही असं ठरलं होतं. मी आत्याकडं राहणार, शाळा बुडवणार नाही, सगळी तिसरी एका दमात करणार. पहिली-दुसरी मी अर्धी अर्धीच केली होती. आत्यानं माझ्यासाठी दप्तर अडकवायला खिळा ठोकला होता. आणि भादव्यात ही झाली.

तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई बाळाजवळ बसली तर कोयता अर्धा. म्हणून थोरल्या पोरीनं बाळ सांभाळायचं, ही रीतच आहे, त्यात कुणी कुणाला विचारत नाही. मलाही विचारलं नाही. दिवाळीनंतर गाडीत भांड्यांच्या वर मला बसवलं आणि हिला माझ्या मांडीवर दिलं. दप्तर आत्याच्या खिळ्याला राहिलं.

फडाच्या कडेला आमच्या कोपी होत्या, म्हणजे चटईच्या झोपड्या. दिवस उगवायच्या आधी माणसं फडात जायची. बाभळीला आईच्या लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत ही. माझ्याकडं जर्मनचं ताट आणि एक दगड. ऊस तोडत आणला की आतली जनावरं कडेला सरकतात. कोल्हा दिसला की ताट बडवायचं, एवढंच माझं काम. आई जाताना रोज सांगायची, "ताट हातातून सोडू नको." मला कधी म्हणाली नाही की तुलाबी भ्या वाटत आसंल.

मला ही आवडत नव्हती. लोक म्हणतात लहान पोरींना बाळाचं लई वेड असतं. असंल कुणाला. ही रडली की बायका फडातून ओरडायच्या, "अगं ए, पोरीला बघ की." मी रडले तर कुणी बघत नव्हतं. आईचं दूध तिचं, आईची मांडी तिची, आईचं लुगडंसुद्धा झोळीला गेलेलं. माझ्या वाट्याला ताट आलं होतं, तेही रिकामं. झोळी हलवता हलवता मी तिला म्हणायचे, "पाव्हणा येणार हाय. चहापाणी घेणार आन् तुला घेऊन जाणार." आमच्याकडं मामा पाव्हणा म्हणून यायचा आणि जाताना मला आजोळी न्यायचा, त्यावरून मला ते सुचलेलं. पाव्हणा येतो तेव्हा घरातलं एखादं पोर घेऊन जातो. मला वाटायचं, हिलाबी कुणीतरी न्यावं. मग मी आत्याकडं जाईन.

आता परत ओसरीत येते. त्याच दिवशी, दिवेलागणीला, मागच्या उसातून कोल्ह्यांनी सूर धरला. आई तुळशीपाशी दिवा लावत होती. ती सहज म्हणाली, "पाव्हणा आला. कोंबड्या झाका."

धाकटीनं लॅपटॉप बाजूला ठेवला. "काय म्हणलीस?"

"कोंबड्या झाका म्हणलं."

"त्याच्या आधी. कोल्ह्याला पाव्हणा म्हणलीस का?"

"म्हणतेत की समद्या. तोडीवरच्या बाया पाव्हणाच म्हणतेत."

खरं होतं. आमच्या टोळीतून तो शब्द दुसऱ्या टोळीत गेला, तिथून कुठं कुठं. मागं माझ्या अंगणवाडीत एक पोरगी फळ्यावरच्या चित्राला बोट लावून म्हणाली, "बाई, पाव्हणा." तिची आई आमच्या टोळीतली पण नव्हती. मी तिला घाईघाईनं म्हणलं, "कोल्हा म्हणावं, बाळा."

धाकटीला हा शब्द आजवर कसा माहीत नव्हता, असं कुणी विचारील. सहाव्या वर्षीच तिला बीडला वसतिगृहात टाकलं. तिला तोड धड आठवतच नाही. तिला कोल्ह्याची नावं आठ भाषांतली माहीत, आणि ज्या कोल्ह्यानं तिला जवळून बघितलं त्याला आम्ही काय म्हणायचो ते माहीत नाही.

रात्री जेवताना तिचं चालूच. ज्याचं भ्या असतं त्याचं नाव माणसं घेत नाहीत, आपण सापाला लांबडं म्हणतो, तसंच हे असणार. तिकडं तोरग का मागं पडला असेल आणि शगाल का आवडला असेल, त्याचंही उत्तर कदाचित असंच. बाहेरचं नाव घेतलं की जनावराला कळत नाही आपल्यालाच म्हणतेत. हा शब्द जुना निघाला तर पुस्तकात एक सबंध प्रकरण होईल, असं ती म्हणाली. सबंध प्रकरण. मी एक ओळ मागत होते.

सकाळी तिनं आईला खाटेवर बसवलं, फोन समोर ठेवला, बटण दाबलं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, पण कान तिकडंच.

"आई, कोल्ह्याला पाव्हणा कोण म्हणायचं पहिल्यांदा? तू कुणाकडून ऐकलंस?"

आईनं फोनकडं बघत पदर सारखा केला. मग म्हणाली, "लई जुना शब्द हाय तो. मपली आज्जी म्हणायची. तिच्या आधीच्याबी म्हणत आसत्याल."

धाकटीचा चेहरा उजळला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आई खोटं बोलत होती. धाकटीला जुनं पाहिजे, तर घे बाई जुनं. घरातलं जे असंल ते उचलून तिच्या पदरात टाकायचं, ही आईची सवयच. दूध दिलं, लुगडं दिलं, माझी तिसरी दिली, आता माझा शब्दसुद्धा मेलेल्या आज्जीच्या नावावर करून तिला देऊन टाकला.

पिठाचे हात तसेच घेऊन मी ओसरीत गेले.

"आज्जी न्हाई न् पणजी न्हाई," मी म्हणलं. "तो शब्द मपला हाय. मी केला. तिसरीत असताना, तोडीवर, तुपल्या झोळीपाशी."

धाकटीनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. वाटलं, आता म्हणेल, काहीतरीच काय. पण तिनं माझा पिठाचा हात धरला. "खरंच, आक्का? म्हंजी ज्यानं शब्द पहिल्यांदा उच्चारला ते माणूस माझ्यासमोर उभं हाय? अगं, असं कुणालाच सापडत न्हाई. तुपल्या नावानंच लिहिते मी हे. सांग, कसा सुचला?"

मिळालं. एक ओळ नाही, प्रकरण मिळालं. पण कसा सुचला हे सांगायचं, तर ती दुपार सांगावी लागणार.

माघाच्या ऊन-वाऱ्याची दुपार होती. कोपीत कुणी नव्हतं. पाचटाच्या ढिगाआडून कोल्हा निघाला आणि झोळीपासून सात-आठ पावलांवर उभा राहिला. ही जागी होती, एक हात झोळीबाहेर. ताट माझ्या मांडीवर, दगड मुठीत. मी ताट वाजवलं नाही. मी हळूच म्हणलं, "या पाव्हणं." तो दोन पावलं पुढं आला. मी म्हणलं, "घेऊन जा."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तो आणखी जवळ आला, नाक वर करून वास घेत. आणि हिला शिंक आली. बारकी, मांजराच्या पिलासारखी. बाळ शिंकलं की "सतंजीव" म्हणायचं, आईनं मला पहिल्या दिवसापासून लावलेली सवय, म्हणलं नाही तर डोक्यात टपली बसायची. माझ्या तोंडातून आपसूक गेलं, "सतंजीव." शंभर वर्षं जग. आणि एकदा ते म्हणल्यावर मला पुढं काही जमेना. मी ताट बडवायला लागले. कोल्हा केव्हाच पळाला, तरी मी बडवतच होते. ताटाला पोचे पडले.

संध्याकाळी बायका म्हणाल्या, "कावून गं एवढं ताट वाजवत हुतीस?" मी म्हणलं, "पाव्हणा आलता." त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तेच म्हणायला लागल्या. शब्दाची उत्पत्ती ही अशी आहे. यात जुनं काही नाही.

ओसरीत मी बोटांचं पीठ सोलत उभी राहिले, तेव्हा आईच बोलली. "तुला हसवायला म्हणायची ती. लई जीव व्हता तिचा बहिणीवर."

धाकटीचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिचा फोन वाजला, पुण्याहून. आमच्याकडं रेंज गच्चीवरच लागते. "आलेच," म्हणून ती जिन्यानं वर गेली.

मी आईवर फुत्कारले, "आधी आज्जीच्या नावावर केलंस, आता हे. कशाला खोटं बोलतीस?"

आई खाटेवरून उठली नाही. लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्या दिशी ताट लई उशिरा वाजलं व्हतं."

मी तिच्या खाटेपाशी खाली बसले.

"मी पाणी प्यायला बांधावर आलते. लांब व्हते. कोल्हा दिसला, तू दिसलीस, मांडीवर ताट दिसलं. पळत निघाले. घशातून आवाज फुटंना. निम्म्यात आले आन् ताट वाजलं."

"मग पुढं कावून न्हाई आलीस?"

"कशाला? वाजलं न्हवं. तुला दिसले आसते तर जन्मभर तुला वाटलं आसतं, आईनं बघितलं. म्हून माघारी फिरले."

"आन् तरी दुसऱ्या दिशी मलाच ठेवलंस तिच्यापाशी?"

"मग कुणाला ठेवू?" आई म्हणाली. "ज्यानं एकदा वाजवलं ते वाजवतंच."

इतकी वर्षं मी हिशेब धरून बसले होते की आईनं माझ्याकडं कधी बघितलं नाही. आणि ती बांधावरून बघत होती. मला रडू आलं, आणि रागही आला, की हे तू मला आज सांगतीस. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास ओसरीत आला. दोघींतलं कुणी उठलं नाही.

धाकटी जिना उतरून आली. तिनं आमच्या तोंडांकडं बघितलं. खाली मांडी घालून बसली, फोन माझ्यासमोर ठेवला, वहीचं पान उलटलं. आई मान हलवून मला खुणावत होती, नको म्हणून. हसवायला म्हणायची, एवढंच सांगितलं तरी माझं नाव छापून येणार होतं. बहिणीच्या वेड्या मायेपोटी एका पोरीनं कोल्ह्याचं नाव ठेवलं. वाचणारे हळहळले असते. पण ती पोरगी मी नव्हते, आणि दुसऱ्या कुणाच्या कौतुकाची ओळ घेऊन मी काय करू?

"सांग आक्का," धाकटी म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."

तिनं बटण दाबलं.

"लिही," मी म्हणलं. "तुपला मला लई राग यायचा."